गुहेतली हाडं आणि आमच्या तीन वाट्या

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं. गेल्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आमच्या हातून एक चूक झाली. दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसं जेवायला येणार होती आणि घरातलं मोठं टेबल अडलेलं होतं. त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर एक टेबललॅम्प, एक भिंग, रंगवायचे दोन बारीक ब्रश आणि स्टीलच्या तीन वाट्या. प्रत्येक वाटीत मूठभर बारीक खडी आणि प्रत्येकीखाली एक चिठ्ठी. वाट्या आमच्या आमटीच्या. आम्ही चिठ्ठ्या नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, तिन्ही वाट्यांतला माल लोणच्याच्या एका रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बरणीत ओतला, झाकण घट्ट लावलं आणि वाट्या घासायला टाकल्या. कामं उरकल्याचं केवढं समाधान!

संध्याकाळी लेक खाली आली. ओरडली नाही, रडलीही नाही. बरणी उजेडात धरून एवढंच म्हणाली, ''आई, बाबा, आता यातला कुठला दात कुठल्या वाटीतला?''

आम्ही म्हटलं, ''अगं, दात सगळे आहेत ना! एकसुद्धा टाकलेला नाही.''

ती जिन्याच्या पायरीवर बसली. सहा आठवड्यांचं काम होतं ते.

आमची लेक युनिव्हर्सिटीत नामशेष झालेल्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास करते. (फार्मसीची हातात आलेली जागा सोडून ती हाडांकडे का वळली, हा विषय आमच्या घरात दोन वर्षं पुरला, तो इथे काढत नाही.) डेव्हनमधल्या एका लहानशा गुहेत सुट्टीत खोदकाम चालतं, तिथली माती पाण्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात आणि चाळणीत जे उरतं ते वाळवून पिशव्यांत भरतात. ती खडी दाणा दाणा करून निवडायची असते. तिच्या शिक्षकांच्या परवानगीने तिने तीन पिशव्या घरी आणल्या होत्या. तीन पिशव्या म्हणजे गुहेच्या तळातले तीन थर, एकाखाली एक.

''दात सगळे आहेत ना'' या आमच्या वाक्यात काय चुकलं, हे समजायला आम्हाला पुढचे कित्येक महिने लागले. त्या निमित्ताने आम्ही दोन गुहा पाहिल्या, तीन म्युझियमं पालथी घातली आणि लायब्ररीतून बरीच पुस्तकं आणली. वाचकांपैकी ज्यांची मुलं अशाच काहीतरी 'पोटापाण्याच्या नसलेल्या' विषयाकडे वळली असतील त्यांना उपयोगी पडेल, म्हणून हा प्रपंच.

वाट्यांत काय होतं ते आधी सांगतो. साध्या डोळ्यांना नुसती वाळू. पण भिंगाखाली धरलं की त्यात काही दाणे चकाकतात. ते उंदीर-घुशींचे दात, एखाददुसऱ्या वटवाघळाचा जबडा, चिचुंद्रीची सुळ्यासारखी टोकं. इंग्लंडात व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर असतो. त्याची दाढ दोनतीन मिलिमीटर लांब, पण वरून पाहिलं तर त्रिकोणाला त्रिकोण जोडून केलेली वेलबुट्टी! साडीच्या काठावर शोभेल अशी. त्या त्रिकोणांची संख्या आणि ठेवण पाहून जात ओळखता येते.

एवढे उंदीर गुहेत मरायला का येतील? तर ते येत नाहीत, त्यांना आणलं जातं. गुहेच्या तोंडाशी घुबड राहतं, उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांची गोळी करून ओकून टाकतं. हजारो वर्षं ही गोळ्यांची रास मातीत मिसळत जाते. कुठल्या पक्ष्याच्या पोटात दात किती झिजतो याचासुद्धा अभ्यास आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या पीटर अँड्र्यूज यांनी १९९० साली घुबडं, गुहा आणि जीवाश्म याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि दातावरच्या झिजेवरून शिकारी ओळखायची रीत घालून दिली. घुबडाला आपल्याकडे अपशकुनी म्हणतात. या शास्त्रात त्याच्याइतका उपकारकर्ता दुसरा नाही.

आणि हे उंदीर हत्तींपेक्षा जास्त बोलके. हत्ती, गेंडे मोठ्या पट्ट्यात फिरतात, बऱ्यापैकी थंडी-ऊन सोसतात. उंदराचं तसं नाही. लेमिंगची एक जात आज फक्त उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड थंड प्रदेशात राहते; तिचा दात डेव्हनमध्ये सापडला की समजायचं, तेव्हा इथे हिमयुग होतं. रानउंदराचा दात सापडला की तेव्हा झाडी होती. वरच्या थरात रानउंदीर, खालच्यात लेमिंग असं सापडलं तर हवामान कसं पालटलं याची गोष्ट तयार होते. आमच्या बरणीत लेमिंग आणि रानउंदीर शेजारी शेजारी होते. त्यावरून एवढंच सिद्ध होत होतं की लीड्समधल्या एका घरात हळदीकुंकू होतं.

आता आजींचं सांगायला हवं. आजी म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. बरणीचं प्रकरण झाल्यावर घरात दोन दिवस कोणी कोणाशी फार बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी नातीने चौथी पिशवी उघडली तेव्हा आजी चष्मा लावून शेजारी जाऊन बसल्या. ''निवडायचंच आहे ना? आण इकडे. तांदळातले खडे काढण्यात हयात गेली, इथे खड्यांतून तांदूळ काढायचे एवढंच.'' आणि खरोखर, ब्रशचं टोक ओलं करून दात अलगद उचलण्यात आजींचा हात नातीपेक्षा चालतो! वाटीखालची चिठ्ठी आधी वाचायची, नंबर डबीवर लिहायचा, मग पहिला दात उचलायचा, ही शिस्त त्यांनी एकदा सांगितल्यावर कधी मोडली नाही. जी शिस्त आम्हा दोघा शिकल्यासवरल्यांना जमली नव्हती.

ऑक्टोबरच्या सुट्टीत लेकच म्हणाली, ''चला, तुम्हाला एक जागा दाखवते. बरणीची थोरली बहीण.'' डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा आणि मागच्या सीटवर शाल पांघरून आजी, अशी आमची गाडी नॉर्थ यॉर्कशायरकडे निघाली.

गुहा म्हटल्यावर आपल्या मराठी डोळ्यांपुढे येतात ती लेणी: अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे. भव्य दारं, खांब, शिल्पं. पण ती माणसाने कोरलेली, आणि तीही काळ्या पत्थरात. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचा असल्यामुळे पाण्याने विरघळून झालेल्या गुहा आपल्याकडे फारशा नाहीत. अशा गुहांना चुनखडक लागतो. पावसाचं पाणी किंचित आम्ल होऊन त्याच्या भेगांतून झिरपतं आणि लाखो वर्षांत बोगदे पोखरतं. आणि तेच पाणी विरघळलेला चुना पुढे तळावर थेंबाथेंबाने साठवत जातं. त्या चुन्यामुळे आत पडलेलं हाड टिकतं. उघड्या रानात पडलेलं हाड काही वर्षांत भुसभुशीत होऊन जातं, गुहेतलं लाख वर्षं राहतं. शिवाय वर चुन्याचा थर जमला की पेटीला झाकण लागल्यासारखंच.

कर्कबीमूरसाइड गावाजवळची कर्कडेलची गुहा पाहून मात्र आजींचा विरस झाला. ''एवढंच?'' त्यांनी विचारलं. हॉज बेक नावाचा ओढा, त्याच्या काठी बंद पडलेली दगडाची खाण आणि खाणीच्या भिंतीत वरच्या अंगाला एक काळं भोक. आत जायचा प्रश्नच नव्हता. पण त्या भोकाची गोष्ट ओढ्याकाठी शाल अंथरून पुऱ्या खाता खाता लेकीने जी सांगितली ती ऐकून आजींनी 'एवढंच' हा शब्द मागे घेतला.

१८२१ सालची गोष्ट. पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी पुण्यात विश्रामबागवाड्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत संस्कृत पाठशाळा उघडली. इकडे यॉर्कशायरमध्ये खाणीतल्या मजुरांना दगड फोडताना एक बोगदा लागला. तळाशी चिखल आणि चिखलात हाडंच हाडं. मजुरांना वाटलं, कधीतरी रोगाने मेलेली गुरं इथे टाकली असतील. त्यांनी ती हाडं खडीबरोबर रस्त्यावर पसरली. सिंहाची, गेंड्याची, पाणघोड्याची हाडं रस्त्याच्या खड्ड्यांत! गावातल्या हॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी ती पाहिली, त्यांना संशय आला, बातमी फुटली आणि हौशी संग्राहकांची झुंबड उडाली. डिसेंबरात ऑक्सफर्डहून विल्यम बकलंड येऊन पोहोचले तोवर बरंच काही रस्त्याखाली गेलेलं होतं आणि बरंच कोणाकोणाच्या कपाटात.

हे बकलंड म्हणजे एक वल्ली. धर्मगुरू आणि भूगर्भशास्त्रज्ञ. सगळे प्राणी एकदा खाऊन पाहायचे असा त्यांचा पण होता. सर्वांत वाईट चव चिचुंद्रीच्या भावकीतल्या मोल नावाच्या प्राण्याची असं त्यांचं मत होतं, पुढे निळी माशी खाल्ल्यावर ते त्यांनी बदललं. (इथे आजींनी पुरी खाली ठेवली.) पण माणसाचं डोकं पोलिसी तपासाचं. यॉर्कशायरमध्ये हत्ती आणि पाणघोडे कुठून आले? त्या काळचं सरळ उत्तर होतं, नोहाच्या महापुराने उष्ण देशांतली मढी इकडे वाहून आणली. बकलंड यांनाही पूर मान्य होता. त्याचाच पुरावा ते शोधत होते. पण त्यांनी गुहा मोजली. लांबी साधारण २४५ फूट आणि उंची एवढी कमी की ताठ उभं राहायला दोनतीनच जागा. हत्ती चालत आत जाणं अशक्य. आणि पुराने अख्खं धूड भोकातून आत कोंबणंही अशक्य. मग?

हाडं तपासली तर बहुतेक तुटलेली, कुरतडलेली, दातांच्या खुणा असलेली. दात आणि खुरांजवळची टणक हाडं भरपूर, मऊ हाडं नाहीतच. आणि सगळ्या प्राण्यांत संख्येने जास्त कोण? तरस. शिवाय चिखलात पांढरे गोळे सापडले. लंडनमध्ये एक्सेटर चेंज इथे एक प्राणिसंग्रहालय होतं, तिथल्या रखवालदाराला ते दाखवले. त्याने पाहताक्षणी ओळखलं: तरसाची विष्ठा! वुलस्टन यांच्यासारख्या बड्या रसायनशास्त्रज्ञाने तिचं पृथक्करण करून त्यात हाडांचा चुना असल्याचं सांगितलं. पुढे एक फिरतं प्राणिसंग्रहालय ऑक्सफर्डला आलं, त्यातल्या जिवंत तरसापुढे बकलंड यांनी बैलाच्या नळीचं हाड टाकलं आणि त्याने फोडून शिल्लक टाकलेले तुकडे कर्कडेलच्या तुकड्यांशेजारी ठेवले. तुकड्याला तुकडा जुळला. म्हणजे पुराने काहीच आणलं नव्हतं. तरसं इथेच राहत होती, पिढ्यान् पिढ्या, आणि आसपास चरणाऱ्या हत्ती-पाणघोड्यांचे लचके ओढून आणत होती. पाणघोडा यॉर्कशायरचाच!

या कामासाठी बकलंड यांना १८२२ साली रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. त्यांच्या एका मित्राने व्यंगचित्र काढलं: बकलंड मेणबत्ती घेऊन रांगत गुहेत शिरताहेत आणि आत तरसं जेवताहेत. वर चिखलाचा जो थर होता तो महापुराचाच असं मात्र ते म्हणत राहिले आणि पुढे काही वर्षांनी पुरावे पाहून तेही त्यांनी सोडून दिलं. स्वतःचं मत असं जाहीरपणे सोडणं सोपं नसतं. आम्हाला तर फार्मसीचं सोडायला दोन वर्षं लागली.

गुहेतल्या चुन्याच्या थराचं वय अलीकडे युरेनियमच्या रीतीने काढलं, ते निघालं सुमारे १ लाख २१ हजार वर्षं. दोन हिमयुगांच्या मधला तो उबदार काळ. त्या काळात थेम्सच्या काठीही पाणघोडे होते.

परतताना यॉर्कला थांबलो. तिथली यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी १८२२ साली स्थापन झाली ती मुळात कर्कडेलची हाडं एकत्र ठेवायला जागा हवी म्हणून, आणि तिनेच पुढे यॉर्कशायर म्युझियम उभारलं. पण लेकीची खंत वेगळी. ''हाडं वाचली गं आजी, पण कुठलं हाड बोगद्यात कुठे होतं, चिखलाच्या वर की खाली, कशाशेजारी काय, ते कोणी लिहूनच ठेवलं नाही. एक लहानशी बरणी आपल्या घरी आहे, ही मोठी.''

आम्ही काचेच्या पेटीकडे पाहत राहिलो.

मग 'नीट' करणं म्हणजे काय, ते पाहायला ईस्टरच्या सुट्टीत डेव्हनला गेलो. टॉर्कीची केंट्स कॅव्हर्न. ही गुहा लहान मुलं, आजीआजोबा सगळ्यांना पाहता येते; आत दिवे आहेत, वाटाड्या असतो. स्वेटर मात्र न्या, बाहेर ऊन असलं तरी आत गारठा.

इथली गोष्ट सुरू होते १८२५ साली, जॉन मॅकएनरी नावाच्या आयरिश कॅथलिक धर्मगुरूपासून. टॉर ॲबीतल्या एका घराण्याचे ते पुरोहित. हौस म्हणून गुहेत शिरले आणि पुढची चार वर्षं तिथेच रमले. तलवारीसारखे सुळे असलेल्या एका मार्जारवर्गीय प्राण्याचे दात त्यांना १८२६ साली मिळाले, आणि ते करवतीसारखे दातेरी सुळे पाहून त्या काळचे शास्त्रज्ञ चक्रावले. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुन्याच्या अभंग थराखाली, नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या बरोबरीने, त्यांना माणसाने घडवलेली गारगोटीची हत्यारं मिळाली. याचा अर्थ एकच. हे प्राणी होते तेव्हा माणूस होता. आणि त्या काळी माणसाचं वय बायबलप्रमाणे सहा हजार वर्षांच्या आसपास धरलं जात होतं.

मॅकएनरींनी हे कोणाला कळवलं? बकलंड यांनाच. आणि कर्कडेलला एवढा बारकाईने विचार करणारा हा माणूस इथे म्हणाला, छे, नंतरच्या काळातल्या ब्रिटन लोकांनी चुन्याच्या थरात चुलीसाठी खड्डे केले असणार आणि हत्यारं त्यांतून खाली पडली असणार. मॅकएनरींना असे खड्डे कुठेच दिसले नव्हते. पण समोर एवढा मोठा माणूस. त्यांनी लिहिलेलं छापलं नाही. १८४१ साली ते वारले तेव्हा हस्तलिखित तसंच पडून होतं. १८५९ साली त्यातला काही भाग छापून आला आणि सगळं १८६९ साली. आम्हाला विचाराल तर कर्कडेलच्या रस्त्यात गेलेल्या हाडांपेक्षा ही चुटपुट जास्त लागते.

हा प्रश्न तडीला लावला विल्यम पेंगेली या शाळामास्तरांनी. कॉर्नवॉलच्या खलाशी घरातले, स्वतःच शिकलेले. १८५८ साली उपसागराच्या पलीकडे ब्रिक्सहॅम इथे नवी, कोणी हात न लावलेली गुहा सापडली आणि तिथे त्यांनी वरून खाली थर थर काढत काम केलं. त्या कामामागे जोर लावणारे होते ह्यू फाल्कनर. हे नाव आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर, सहारनपूरच्या बागेचे प्रमुख. शिवालिकच्या डोंगरांतून त्यांनी प्राचीन हत्ती, जिराफाच्या कुळातलं शिवथेरियम आणि एक अवाढव्य कासव उजेडात आणलं होतं. हिमालयाच्या पायथ्याशी हाडं वाचायला शिकलेला माणूस इंग्लंडच्या गुहेत उपयोगी पडला. ब्रिक्सहॅमला अभंग थराखाली हत्यारं मिळाली, आणि या वेळी खड्ड्यांची सबब चालेना.

मग १८६५ ते १८८० अशी पंधरा वर्षं पेंगेलींनी केंट्स कॅव्हर्न खणली. त्यांची रीत ऐका. गुहेच्या मध्यातून एक दोरी. तिच्यापासून मोजून मातीचे ठोकळे पाडायचे, एक यार्ड लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल. एका ठोकळ्यातलं जे काही निघेल, दात असो, हाड असो, गारगोटी असो, ते एका पेटीत. पेटीला नंबर, वहीत नोंद. मग पुढचा ठोकळा. जवळजवळ रोज ते स्वतः गुहेत जात, मेणबत्तीच्या उजेडात. आज दीडशे वर्षांनीसुद्धा वहीवरून अमुक दात गुहेत कुठे होता ते बोट ठेवून सांगता येतं. लेकीने हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, ''म्हणजे एका वाटीतलं एकाच डबीत.'' बरोबर तेच.

गुहेत एक जागा आहे तिथे आम्ही बराच वेळ उभे होतो. चुन्याच्या एका मोठ्या उंचवट्यावर कोरलेलं आहे: रॉबर्ट हेजेस, आयर्लंड, २० फेब्रुवारी १६८८. संभाजीमहाराज गादीवर होते तेव्हाची ही 'अमुक अमुक येथे आला होता' छाप करामत. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांनी फार खजील व्हायला नको. पेंगेलींनी त्या अक्षरांचा काय सुंदर उपयोग केला! अक्षरांवर चुन्याचा जो पापुद्रा चढला होता तो मोजला. सुमारे एकशेनव्वद वर्षांत इंचाचा जेमतेम विसावा भाग. त्या वेगाने एक फूट साठायला पंचेचाळीस हजार वर्षं लागतील, आणि गुहेत कित्येक फूट साठलेलं. थेंबांचा वेग सगळीकडे, सगळ्या काळी सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब नेमका नाही. पण सहा हजार वर्षांची भिंत पाडायला तो पुरला.

हल्ली हाडाचं वय रेडिओकार्बनने काढतात, पण ती रीत पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. त्याआधीचं चुन्यातल्या युरेनियमवरून. आणि कधी कधी यंत्रही थकतं. १९२७ साली याच गुहेत माणसाच्या वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. तो डिंकाने चिकटवलेला, त्यामुळे १९८९ साली काढलेलं वय चुकलं. पुन्हा चाचणी करायला त्यात पुरेसा पदार्थ उरला नव्हता. मग काय केलं? जबडा किती खोलीवर मिळाला त्याची नोंद होती. त्याच्या वर आणि खाली सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांची वयं काढली आणि मधल्या माणसाचं वय अंदाजलं, ४४,२०० ते ४१,५०० वर्षं. २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जुन्या खोदकामातल्या थरांवर किती विसंबायचं, यावर तज्ज्ञांत पुढे वादही झाले. पण तो वाद घालता तरी येतो, कारण खोलीचा आकडा कोणीतरी लिहून ठेवला. आमच्या बरणीबद्दल वादसुद्धा घालता येत नाही.

टॉर्कीच्या म्युझियममध्ये तो जबड्याचा तुकडा आहे. चार बोटांत मावेल एवढा.

घरी आल्यावर आजींनी विचारलं, ''आपल्याकडे असं कोणी केलं नाही का?'' केलं आहे. आंध्रातल्या नंद्याळ (पूर्वीच्या कर्नूल) जिल्ह्यात बेतमचेर्लाजवळ बिल्ला सुर्गम नावाच्या चुनखडकातल्या गुहा आहेत. १८८४ साली रॉबर्ट ब्रूस फूट, ज्यांनी दक्षिणेत अश्मयुगीन हत्यारं शोधली तेच, तिथे पोहोचले आणि खोदकाम त्यांच्या मुलाने केलं. रिचर्ड लायडेकर यांनी ती हाडं ओळखली. एका गेंड्याच्या जातीला तर कर्नूलचंच नाव दिलं. अलीकडे तिथे पुन्हा थर थर काढून काम झालं आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. सुमारे दोन लाख वर्षांचा पट, ओळखता आलेल्या एकवीस सस्तन जाती, त्यांपैकी वीस आजही भारतीय उपखंडात कुठे ना कुठे आहेत. नाहीशी झाली ती एक, आज फक्त इथिओपियात राहणाऱ्या गेलाडा माकडाच्या जवळची. हे वाचून आम्ही थक्क झालो. इंग्लंडचे हत्ती, गेंडे, सिंह, तरसं सगळं गेलं, म्युझियममध्ये जाऊन पाहावं लागतं. तिकडे मात्र एवढी हिमयुगं, एवढे दुष्काळ, एवढी माणसं, आणि तरी बहुतेक मंडळी टिकून.

महाराष्ट्रात गुहा नसल्या तरी गोदावरी, घोड या नद्यांच्या गाळात प्राचीन हत्ती-बैलांची हाडं मिळतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या जी. एल. बदाम यांनी भारतातल्या अशा प्राण्यांवर १९७९ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. आणि हे डेक्कन कॉलेज म्हणजे तीच विश्रामबागवाड्यातली १८२१ ची पाठशाळा, कर्कडेलची गुहा फुटली त्या वर्षीची.

तरसाबद्दल आजींचं एक मत आम्हाला इथे नोंदवायलाच हवं. कर्कडेलची तरसं ठिपक्यांची होती, आज ती जात फक्त आफ्रिकेत आहे. आपल्याकडचं तरस पट्ट्यांचं, माळरानात राहणारं. आजींच्या लहानपणी गावाबाहेरच्या ओढ्यात तरसाची बिळं होती, तिकडे पोरांना जाऊ देत नसत. ''त्या बिळासमोर हाडं पडलेली असायची,'' त्या म्हणाल्या. ''आम्हाला वाटायचं भुतं खातात.'' लेकीने लगेच वही काढली आणि विचारायला लागली: कुठल्या प्राण्यांची हाडं, किती, फोडलेली की अख्खी, पांढरे गोळे होते का? आजी सत्तर वर्षांपूर्वीचं आठवून आठवून सांगत होत्या आणि नात लिहून घेत होती. आम्ही चहा करून आणला, दोघींचाही गार झाला.

बरणीचं काय झालं म्हणाल तर लेकीने शिक्षकांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग म्हणाले, नव्या विद्यार्थ्यांना जाती ओळखायच्या सरावासाठी द्या. त्यातली मूठभर मात्र तिने परवानगी काढून घरी ठेवली आहे. फडताळात हळदीच्या डब्याशेजारी ती छोटी बाटली असते. वर लेकीच्या अक्षरात इंग्रजीत गुहेचं नाव, आणि थरासमोर प्रश्नचिन्ह. त्याखाली आजींनी परत जाण्याच्या आदल्या दिवशी पेन मागून घेतलं आणि मराठीत आणखी एक ओळ लिहिली: वाट्या आमटीसाठी हव्या होत्या.